कामाचा रकाना

कुठंही बसायच्या आधी आप्पा टेबलावरून बोट फिरवायचे. बोट डोळ्यांसमोर धरायचे, अंगठ्यानं चोळून बघायचे आणि मगच टेकायचे. लग्नाचा मांडव असो, कलेक्टरांची केबिन असो, नाहीतर थेट विधानसभा. शपथ घ्यायला गेले त्या दिवशी शेजारच्या आमदारांना वाटलं, गडी भाविक दिसतोय, बाकाला नमस्कार करतोय. नमस्कार कसला! धूळ बघत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "लय चकचकीत ठेवलंय गड्या. एवढं आपल्या शेडात ठेवलं असतं तर…" आणि वाक्य तिथंच सोडून चहा प्यायला गेले.

तुम्ही आमच्या भागातले असाल तर त्यांचं नाव ओळखालच. मी सांगणार नाही. नाव सांगितलं की तुम्ही लगेच विचाराल, पार्टी कुठली, कुणाच्या गटातले, पाहुणे कोण. आणि मग मी पुढं काय सांगतोय ते कुणी ऐकायचं नाही. ही आपली खोड मला चांगली ठाऊक आहे. तेव्हा आपण नुसतं आप्पाच म्हणू.

मी त्यांचा पीए. सरकारी भाषेत स्वीय सहायक. त्याआधी मी सांगलीत कोर्टाच्या दारात टाइपरायटर घेऊन बसायचो. मूळचा कराडकडचा, पण पोटामागं इकडं आलो तो इकडचाच झालो. आप्पांनी मला तिथून उचललं, कारण कांबळेच्या अर्जाला म्हणे साहेब लोक उत्तर देतात. देत असतीलही. भाषेच्या बाबतीत मी जरा शिष्टच आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. या शिष्टपणानं पुढं काय घोळ घातला ते सांगणारच आहे, लपवून काय करू?

आप्पा आटपाडीकडचे. मिसरूड फुटायच्या आधीच सांगलीजवळ कुपवाडला आले आणि एका फौंड्रीत मोल्डर म्हणून लागले. मोल्डर म्हणजे वाळूचा साचा करणारा. त्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. बरीच वर्षं दुसऱ्याच्या वाळूत हात घातल्यावर त्यांनी स्वतःची छोटी फौंड्री काढली, पाण्याच्या पंपाचे भाग ओतायची. मग तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांचे पुढारी झाले, मग आमदार. पण बोलणं शेडातलंच राहिलं. भट्टीच्या ब्लोअरवर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळं सभागृहात त्यांना माइक लागायचा नाही. मागच्या बाकावरचे पेंगणारे सदस्य आप्पा उभे राहिले की दचकून जागे व्हायचे.

सभागृहात त्यांचा एक मोठा उपद्रव होता. उद्योगावर चर्चा असली की हे आरोग्यावर बोलायचे आणि आरोग्यावर असली की उद्योगावर. विजेच्या दरावर भांडायला उभे राहिले. "अध्यक्ष महाराज, वीज परवडंना म्हणून आमच्या भट्ट्या बंद पडायला लागल्यात, ते बगाच. पण भट्टी चालू असती तवा तिच्याम्होरं माणूस किती टिकतो, तेबी जरा बगा." झालं, लगेच घंटी. सन्माननीय सदस्यांनी विषयावर यावं. आप्पा जागचे हलायचे नाहीत. "इषयावरच हाय, अध्यक्ष महाराज. माणूस एकच हाय. खाती दोन तुमी केल्यात."

वर्तमानपत्रवाले हसायचे. गावाकडचा रांगडा आमदार म्हणून एखादी चौकट छापायचे. मला राग यायचा. अहो, तो माणूस आठवडाभर वसाहतीतल्या शेडाशेडांतून फिरून, कामगारांबरोबर डबा खाऊन मग बोलायचा. तुमच्या शहरी वक्त्यांनी एकदा तरी भट्टीजवळ उभं राहून दाखवावं की!

आता या हकिकतीतला दुसरा माणूस. बसू. जत तालुक्यात अगदी कर्नाटकाला लागून त्याचं गाव. घरात कन्नड, कामावर मराठी, आणि चिडला की दोन्ही. आप्पांच्याच फौंड्रीत तो ग्रायंडिंगला होता. ओतून निघालेल्या भागाला वाळू चिकटलेली असते, ती ग्रायंडरवर घासून काढायची. ठिणग्या उडतात त्या सगळ्यांना दिसतात. धूळ उडते ती उन्हाची तिरीप आत आली तरच दिसते. तोंडाला टॉवेल बांधायचा आणि दिवसभर घासत राहायचं. दुपारी जेवायला सुटले की सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. आम्ही हसायचो, म्हातारे झाले म्हणून. मीही हसलोय.

बसूला खोकला लागला. मग दम लागायला लागला. टीबी म्हणून गोळ्या झाल्या. एकदा संपल्या, पुन्हा सुरू केल्या. थुंकीत काही सापडायचं नाही, तरी गोळ्या चालूच. गल्लीत बोभाटा झाला. नळावर बाया त्याच्या बायकोला, गंगव्वाला, आपल्या घागरीशेजारी घागर ठेवू देईनात. पोरीचं लग्न ठरत आलं होतं. पाहुण्यांनी निरोप धाडला, तुमच्या घरात टीबी आहे, आम्हाला जमायचं नाही.

त्या निरोपाच्या दुसऱ्या दिवशी गंगव्वा आप्पांच्या ऑफिसात आली. खुर्ची दिली तर बसली नाही.

"मालक, तुमी आमदार हाय न्हवं?"

"हाय की."

"मग ह्येला काय झालंय ते सरकारला इचारा. टीबी असंल तर टीबी म्हणा. नसंल तर काय हाय ते लिवून द्या. मला कागद पायजे. पोरीच्या सासरच्यांच्या तोंडावर टाकायला कागद पायजे."

आप्पांनी टेबलावरून बोट फिरवलं. "कांबळे, लिही रं," म्हणाले. "तारांकित प्रश्न टाकू."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. त्याचा एक ठरलेला साचा असतो. अमुक अमुक झाले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने काय कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तराचाही साचा ठरलेला. हे खरे आहे, हे अंशतः खरे आहे, नाहीतर हे खरे नाही. पहिल्यालाच खरे नाही म्हटलं की खालच्या सगळ्यांना एकच उत्तर: प्रश्न उद्भवत नाही. मंत्री मोकळे.

आप्पांनी सांगितलं, "फौंड्रीतल्या कामगारांस्नी खोकला लागलाय आन् तो जात न्हाई, असं लिही." मी तसं उतरून घेतलं. पण टाइप करताना तो खोकला माझ्या डोळ्यांना खुपायला लागला. विधानसभेत खोकला? शोभतं का ते? सगळं जग टीबी म्हणतंय, डॉक्टर गोळ्या देताहेत. मी झकास भारदस्त वाक्य केलं: औद्योगिक वसाहतीतील कामगारांना मोठ्या प्रमाणावर क्षयरोगाची लागण झाली आहे, हे खरे आहे काय? आप्पांनी न वाचता सही केली. माझ्यावर विश्वास होता ना!

अधिवेशनात प्रश्न लागला. मंत्र्यांनी छापील उत्तर वाचलं. हे खरे नाही. तपासणीत क्षयरोग सिद्ध झालेला नाही. प्रश्न उद्भवत नाही.

आप्पा उभे राहिले. "मग माणसं खोकत्यात कशानं?"

मंत्री हसून म्हणाले, "मूळ प्रश्न क्षयरोगासंबंधी आहे."

अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. एक ग्लास पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात आटोपलं सगळं. मी गॅलरीत बसलो होतो. त्या बाकाखाली शिरावं असं मला वाटलं.

बाहेर आल्यावर आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "कांबळे, मी खोकला म्हणालो हुतो."

एवढंच. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी मी जेवलो नाही. खोटं कशाला बोलू, जेवलो, पण घास तोंडात नुसता फिरत होता.

उत्तराची प्रत घेऊन मी गंगव्वाकडं गेलो. वाचून दाखवली. ती म्हणाली, "म्हंजी टीबी न्हाई?"

"नाही म्हणतात."

"मग काय हाय?"

"ते यात नाही."

"मग ह्यो रातन्दिस खोकतोय तो कुणाचा खोकला? सरकारचा न्हाई, तुमचा न्हाई, मग माजाच का?" कागद तिनं घडी घालून माझ्या हातात परत दिला. आत बसू खोकत होता. माझ्याच्यानं पाणीसुद्धा मागवलं नाही.

त्याच आठवड्यात आप्पांनी बसूला स्वतःच्या गाडीत घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. मी बरोबर होतो. तिथं एक नवीन डॉक्टरबाई आल्या होत्या, आमच्या मुलीच्या वयाच्या. समोर आमदार उभे आहेत हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी बसूला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "काम काय करता?"

बसू गोंधळला. इतक्या दवाखान्यांत इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. "गिरायंडिंग," म्हणाला. बाईंनी मग सगळं खोदून खोदून विचारलं. कशावर घासता, वाळू कसली, खिडक्या किती, पंखा आहे का, तोंडाला काय बांधता. वाळूचं मधेच आप्पांनी सांगितलं, मीबी मोल्डर हुतो म्हणून. छातीचा फोटो काढला. तो खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"हा क्षय वाटत नाही मला. मोठ्या दवाखान्यात पक्कं करून घेऊ. पण ही धूळ आहे. वाळूची धूळ. आत जाऊन बसलीय, ती आता निघायची नाही." मग बसूकडं वळून म्हणाल्या, "कुठल्या कारखान्यात आहात?"

बसूनं मान खाली घातली. मालकासमोर मालकाचं नाव कसं घेणार?

"माझ्या," आप्पा म्हणाले.

बाईंनी तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं. रागावल्या असाव्यात, पण आवाज चढवला नाही. जुने सगळे केसपेपर टेबलावर पसरले. "हे बघा. नाव आहे, वय आहे, गाव आहे. माणूस काम काय करतो याचा रकानाच नाही. मग कुणाला कळणार कसं?"

आप्पांनी त्या कागदांवरून बोट फिरवलं. या खेपेला अंगठ्यानं चोळलं नाही. निघताना त्यांनी घसा खाकरला, तशा बाई दारापर्यंत आल्या. "तुम्हीही मोल्डर होतात म्हणालात ना मघाशी? तुमचाही फोटो काढू."

"माझं नंतर बगू," आप्पा म्हणाले आणि जिना उतरले.

मोठ्या दवाखान्यानं बाईंचं म्हणणं पक्कं केलं. त्या दिवशी आप्पा शेडात गेले, ग्रायंडिंगच्या वरच्या तुळईवरून बोट फिरवलं, आणि ते बोट तसंच धरून ऑफिसात आले. खुर्चीत बसले नाहीत.

"कांबळे, लिही. या बारीला माझ्या फौंड्रीचं नाव टाक. प्लॉट नंबरासकट."

माझ्या हातातलं पेन थांबलं. "आवं आप्पा, स्वतःच्या कारखान्यावर कुणी प्रश्न टाकतं का?"

"दुसऱ्याचं टाकलं तर त्यो म्हणंल राजकारण हाय. माझं टाकल्यावर काय म्हणतोय बगू की." जरा थांबून म्हणाले, "आन् खोकला लिही. जुनाट खोकला. धुळीनं लागलेला."

लिहिलं. माझ्या आयुष्यात इतक्या आनंदानं मी खोकला हा शब्द कधी टाइप केला नव्हता. आप्पांनी या वेळी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं, मगच सही केली.

बातमी फुटायला वेळ लागतोय होय? दुसऱ्याच दिवशी वसाहतीतले सहा-सात फौंड्रीवाले ऑफिसात हजर. सगळे आप्पांच्या ताटात जेवलेले. "आप्पा, तुमी आमच्यातलेच असून आमच्या पायावर धोंडा पाडायला निघाला? तपासण्या लागतील. नोटिसा येतील. कारखाने बंद पडतील. पोरं कुठं जायची कामाला?"

आप्पांनी सगळ्यांना चहा पाजला. मग म्हणाले, "मला कारखाना बंद पाडायचा असता तर मी गप बसलो असतो. माणसं संपली की भट्टी आपोआप इझती. मी भट्टी चालू ठेवायला बोलतोय. धूळ ओढणारं मशीन बशिवताना सरकारनं हात द्यावा म्हणूनबी मीच भांडणार हाय. पण आदी खरं बोलायचं. आपल्या शेडात धूळ हाय का न्हाई, ते इथं एकानं छातीवर हात ठिवून सांगा."

कप खाली ठेवून सगळे उठले. जाताना एक जण दारात पुटपुटला, "पुढच्या इलेक्शनला भेटू." आप्पांनी तिथूनच ओरडून सांगितलं, "त्याच्या आदी भेटा की! मास्क आणलेत, घिऊन जावा!"

आता गंमत ऐका. अधिवेशनाच्या आठवडाभर आधी मला एका अधिकाऱ्याचा फोन आला. प्रश्नाच्या उत्तराची माहिती त्यांच्याच ऑफिसातून वर जायची होती. खास आवाजात म्हणाले, "कांबळे, साहेबांना सांगा, काळजी सोडा. उत्तर झकास करून पाठवलंय. सगळं समाधानकारक."

क्षणभर मला उलगडेना. मग डोक्यात उजेड पडला. या गृहस्थांना वाटलं, आमदारांनी स्वतःच्या कारखान्यावर प्रश्न टाकलाय म्हणजे त्यांना सभागृहातून स्वच्छतेचं प्रमाणपत्र हवंय! उद्या विरोधकांनी काही उकरून काढलं तर दाखवायला बरं. दुसरं कुठलं कारण त्यांना सुचणार? सगळी नोकरी साहेब लोकांचे न बोललेले हुकूम ओळखण्यात गेलेली. शेडात पाऊल न ठेवता त्यांनी धूळनियंत्रण समाधानकारक करून टाकलं होतं.

मी आप्पांना सांगितलं. आप्पा इतके हसले, इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली आणि मला पाणी द्यावं लागलं. "यिऊ दे," डोळे पुसत म्हणाले. "झकासच यिऊ दे."

प्रश्न लागला त्या दिवशी मी गॅलरीत होतो. मंत्र्यांनी कागद उघडला. हे खरे नाही. सदर कारखान्यात धूळनियंत्रणाची व्यवस्था समाधानकारक आढळून आली असून कामगारांच्या आरोग्याबाबत तक्रार नाही. प्रश्न उद्भवत नाही.

आप्पा उभे राहिले. आधी बाकावरून बोट फिरवलं.

"अध्यक्ष महाराज, ह्यो कारखाना माझा हाय."

सभागृहात हशा झाला. आप्पा हशा थांबेपर्यंत उभे राहिले.

"कारखाना माझा, धूळ माझी, खोकणारी माणसं माझी. मालक सांगतोय खरं हाय, आन् शासन सांगतंय खरं न्हाई. मंत्रीमहोदयांनी एवढंच सांगावं, तुमचा माणूस माझ्या शेडात कुठल्या दारानं आला? मला तर दिसला न्हाई."

मंत्री मागं वळून अधिकाऱ्यांकडं बघायला लागले. चिठ्ठ्या इकडून तिकडं गेल्या. तेवढ्यात आप्पांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि वर धरली. "तुळईवरची हाय. कालच्या एका बोटाची."

घंटी वाजली. "सन्माननीय सदस्य, अशी वस्तू सभागृहात आणता येत नाही."

"अध्यक्ष महाराज, सभागृहात आणता येत न्हाई, मग बसूच्या छातीत कशी नेता आली?"

मी आजवर बरीच भाषणं टाइप केली, पण हे वाक्य मी लिहून दिलेलं नव्हतं. मंत्रीही तसे पट्टीचे. सावरून म्हणाले, "सन्माननीय सदस्यांची अशी इच्छा आहे का, की शासनानं त्यांच्याच कारखान्यावर कारवाई करावी?"

"करा!" आप्पांचा आवाज भट्टीजवळचा झाला. "पयली माझ्यावरच करा. म्हंजी बाकीच्यांवर करताना तुमाला लाजायला नको. पण नुसती नोटीस देऊन पळू नका. मशीन बशिवायला हात द्या, माणसांचे फोटो काढा, आन् सगळ्या सरकारी दवाखान्यांत केसपेपरवर एक रकाना वाढवा. काम काय करता? एवढंच इचारा. त्याला काय यंत्र लागत न्हाई."

अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला. म्हणजे सरकारनं नीट माहिती घेऊन पुन्हा यावं. समाधानकारकवाल्या साहेबांचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण तेव्हा मी फार खुशीत होतो.

सगळं मिळालं असं समजू नका. सरकार आहे ते. मशीनच्या मदतीची फाइल अजून कुठल्या तरी टेबलावर असेल. फोटोंची गाडी वसाहतीत आली, काही दिवस थांबली, गेली. आप्पांच्या कारखान्याला रीतसर नोटीस आली. ती त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावली, सत्काराचे फोटो होते तिथं. धूळ ओढणारं मशीन आधी त्यांनी स्वतःच्या शेडात बसवलं. मग शिव्या घालत घालत दोघा-तिघांनी बसवलं. आणि आमच्या जिल्ह्यातल्या सरकारी केसपेपरवर एक रकाना आला. काम.

बसूच्या नव्या केसपेपरवर त्या रकान्यात ग्रायंडिंग असं लिहिलं गेलं, आणि खाली आजाराचं खरं नाव. गंगव्वानं तो कागद घेतला आणि आधी नळावर गेली. मग मोडलेल्या पाहुण्यांच्या गावाला. ते लग्न काही जुळलं नाही. तीच म्हणाली, असली माणसं नकोतच. पोर पुढं चांगल्या घरी पडली. अक्षतांच्या वेळी बसू खुर्चीत बसून होता, दम खात, पण सगळ्यांच्या मधोमध. त्यानंतर तो फार दिवस जगला नाही. आप्पा त्याच्या मातीला जतला गेले.

पुढच्या निवडणुकीत आप्पा पडले. पाडणारे कोण, ते मला ठाऊक आहे आणि त्यांनाही. मी दोन दिवस चडफडत होतो. आप्पा फौंड्रीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "का तोंड पाडतोस रं? मतदान गुप्त असतंय. खोकला गुप्त ऱ्हातोय व्हय?" आणि स्वतःच खोकले. ते नंतर बगू, नंतर बगू म्हणत राहिलेलं प्रकरण आता त्यांना दम घेऊ देत नव्हतं.

मागच्या वर्षी त्यांना त्याच सरकारी दवाखान्यात नेलं. खासगीत चला म्हणून मुलगा हट्ट धरून होता. आप्पा ऐकतील तर ना! सकाळची गर्दी होती. चाकाच्या खुर्चीत आप्पा, नाकाला ऑक्सिजनची नळी, मागं मुलगा, शेजारी मी. खिडकीवरची मुलगी कॉम्प्युटरवर नोंद करत होती. नाव विचारायची तिला गरजच पडली नाही, ओळखलं तिनं. वय मुलानं सांगितलं, गाव मी सांगितलं. तिनं छापलेला केसपेपर अदबीनं आप्पांच्या मांडीवर ठेवला.

आप्पांनी कागदावरून बोट फिरवलं. नाव. वय. गाव. चौथ्या रकान्यावर बोट थांबलं.

"ह्यो मोकळा का?"

मुलगी गडबडली. "साहेब, तुम्हाला कोण ओळखत नाही? तुमचं काय लिहायचं?"

मुलगा घाईनं म्हणाला, "माजी आमदार लिहा, ताई."

आप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं. नाकाची नळी बाजूला ओढली. मी धरायला गेलो तर माझाही हात झटकला. भट्टीवरचा तो आवाज आता उरला नव्हता. दोन शब्दांमध्ये थांबून श्वास गोळा करावा लागत होता.

"आमदारकीनं… फुप्फुसं जात न्हाईत, पोरी. मोल्डर. मोल्डर लिही."

मुलीनं माझ्याकडं बघितलं. माझे डोळे भरून आले होते, पण मी पीए आहे, मी तिला शब्द नीट सांगितला. म ला काना-मात्रा. तिनं पेन घेतलं आणि लिहिलं. आप्पांनी वाचून बघितलं, मग नळी परत नाकाला लावून घेतली.

चौथ्या दिवशी ते गेले.

पेपरांत मोठे फोटो आले. झुंजार लोकप्रतिनिधी, उद्योगाचा आधारवड, असलं बरंच काही. पाडणाऱ्यांनीही पान पानभर श्रद्धांजल्या छापल्या. मी एकही कात्रण ठेवलं नाही. माझ्या टेबलाच्या खणात त्या केसपेपरची झेरॉक्स आहे. कधी कधी काढून बघतो. आधी त्यावरून बोट फिरवतो, ही सवय मलाही लागलीय. वरचं सगळं छापील आहे. चौथ्या रकान्यात त्या मुलीच्या गोल अक्षरात, शाईनं लिहिलेलं आहे: मोल्डर.